डासाच्या चाव्याने हातपाय सुजतात तेव्हा: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शन

पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला घरभाडे, पाणी, रिक्षा आणि पार्किंग यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु संध्याकाळी घोट्याला डास चावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल चपलेत जाईनासे झाले, तर काय करावे, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. "डासच तर चावला आहे, त्याचे एवढे काय?" असे म्हणून खोलीतले सोबती हसतात, आणि ज्याचा पाय सुजला आहे तो एक तर घाबरून रात्री दवाखाना शोधत फिरतो किंवा संकोचाने काहीच करत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. सिंहगड रस्त्यालगत, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तळमजल्याच्या एका खोलीत मी कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एक कॉट भाड्याने घेऊन, राहायला आले, त्या पहिल्या वर्षी माझे हात आणि पाय डासांच्या चाव्यांनी अनेकदा सुजले. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत तो जंतुसंसर्ग समजला गेला आणि दोनदा मी प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घेतला. तिसऱ्या वेळी एका वयस्क डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी एवढेच विचारले, "चावल्यावर किती तासांनी सूज आली?" त्यानंतर या विषयावर जे वाचले आणि समजून घेतले, त्यातले बरेचसे याच प्रश्नाभोवती फिरणारे होते, म्हणून या लेखातही घड्याळाचा उल्लेख वारंवार येईल.

सूज का येते, आणि नवख्यालाच जास्त का

चावते ती मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून ती आपली लाळ त्वचेत सोडते, आणि त्या लाळेतील प्रथिनांना आपली प्रतिकारयंत्रणा परकी समजून त्यांच्यावर तुटून पडते. हिस्टामिन नावाचे द्रव्य मोकळे होते, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि खाज, लाली व गांध हे तिन्ही एकत्र दिसू लागतात. "तुझे रक्त गोड आहे" किंवा "तुझे रक्त खराब आहे" ही दोन्ही निदाने पुण्यात मोफत मिळतात. दोन्हींचा या सुजेशी संबंध नाही.

बहुतेकांना चावल्यानंतर वीसेक मिनिटांत लहानशी गांध येते, ती लवकरच ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी एक टणक, खाजरी पुळी उरते. काहींच्या बाबतीत मात्र हीच प्रतिक्रिया काही तासांत पसरत जाऊन हाताचा पूर्ण पंजा, डोळ्याची पापणी किंवा घोट्यापासून पोटरीपर्यंतचा पाय तट्ट फुगवते. त्वचा लाल, गरम आणि ओढल्यासारखी होते, कधी पाण्याने भरलेला फोड येतो, आणि क्वचित अंगात तापही भरतो. या अवस्थेला वैद्यकात 'स्कीटर सिंड्रोम' म्हणतात. कॅनडातील संशोधकांनी १९९९ मध्ये काही लहान मुलांच्या उदाहरणांवरून तिचे वर्णन केले. त्या मुलांच्या सुजेलाही आधी त्वचेखालचा जंतुसंसर्ग समजले गेले होते. 'स्कीटर' हा इंग्रजी बोलीतला डासासाठीचा शब्द आहे, त्यामुळे नाव भारदस्त वाटले तरी त्याचा अर्थ 'डासाचा विकार' एवढाच होतो.

नवख्याला जास्त त्रास का होतो, याचे उत्तर त्याहून जुने आहे. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये असे दाखवून दिले की, माणसाची डासाच्या चाव्याला होणारी प्रतिक्रिया टप्प्याटप्प्याने बदलत जाते. अगदी पहिल्या चाव्यांना काहीच होत नाही. मग केवळ उशिराची पुळी येऊ लागते. त्यानंतर तत्काळची गांध आणि उशिराची पुळी दोन्ही येतात. पुढे फक्त तत्काळची गांध उरते. आणि दीर्घकाळ सतत चावे बसलेल्या माणसाला शेवटी जवळजवळ काहीच होत नाही. ज्या जातीच्या डासांशी शरीराची ओळख नाही, किंवा ज्या संख्येने ते पूर्वी कधी चावले नव्हते, अशा ठिकाणी माणूस राहायला गेला, तर तो या साखळीच्या मधल्या, सर्वांत त्रासदायक टप्प्यांत सापडू शकतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेली माणसे यांनाही हा त्रास अधिक होतो. माझ्याच खोलीत जन्माने पुणेकर असलेली एक मुलगी पलीकडच्या कॉटवर झोपत असे. तिला माझ्याहून जास्त डास चावत आणि सकाळी तिच्या अंगावर चार ठिपक्यांपलीकडे काहीही दिसत नसे.

पहिली पायरी: चावल्यानंतरची दहा मिनिटे

चावल्याचे लक्षात येताच ती जागा साबणाने आणि साध्या पाण्याने धुवावी. त्यानंतर स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून किंवा गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दहा मिनिटे त्यावर धरावा. बर्फ थेट कातडीला लावू नये. खोलीत फ्रीज नसेल तर माठातले पाणी पुरते. हात किंवा पाय उशीवर थोडा उंच ठेवल्यास सूज कमी चढते.

याच वेळी करायची एक गोष्ट हमखास विसरली जाते, आणि ती म्हणजे दागिने उतरवणे. हाताला चावा असेल तर अंगठी, बांगड्या आणि घड्याळ, व पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण, सूज दिसू लागण्याची वाट न पाहता काढून ठेवावीत. सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी शेवटी कापून काढावी लागते, आणि ती कापण्यापेक्षा वेळेवर साबण लावून काढणे केव्हाही स्वस्त पडते.

त्यानंतर चावल्याची वेळ मोबाइलवर लिहून ठेवावी आणि त्या जागेचा एक फोटो काढावा. लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ आखून शेजारी वेळ लिहिली, तर पुढे ती रेघ ओलांडली गेली की नाही हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. डॉक्टरांकडे जावे लागलेच, तर ही रेघ आणि ही वेळ तुमच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

दुसरी पायरी: मिनिटे, तास आणि दिवस

जे काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत, चावलेल्या जागेपासून दूर घडू लागते, ते सर्वांत धोक्याचे. सर्वांगावर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वास घेताना शीळ वाजणे, वारंवार उलट्या होणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे आहेत. डासाच्या चाव्याने हे क्वचितच घडते. गांधीलमाशी आणि मधमाशी यांच्या दंशाने ते अधिक वेळा घडते, आणि अंधारात किंवा टेकडीवर फिरताना नेमके काय चावले हे अनेकदा कळतही नाही. कारण काहीही असो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. श्वासाचा त्रास असेल तर टेकून बसू द्यावे. एकदम उभे करू नये आणि दुचाकीवर मधे बसवून तर मुळीच नेऊ नये. यावर खरे औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून गोळी देऊन "बघू अर्ध्या तासाने" असे म्हणत थांबू नये.

जी सूज चावल्याच्या जागेभोवतीच राहते, काही तासांत सुरू होते आणि एक-दोन दिवस वाढून मग तीन ते दहा दिवसांत ओसरते, ती बहुधा डासाच्या लाळेची प्रतिक्रिया असते. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पेनाची रेघ ओलांडली गेली म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नसते. स्वतःला एक प्रश्न विचारावा: खाज जास्त आहे, की ठणका जास्त आहे? ॲलर्जीच्या सुजेत सहसा खाज पुढे असते. पापणीवरचा चावा दिसायला भयंकर असतो, कारण तेथली त्वचा सैल असल्याने डोळा पूर्ण मिटेपर्यंत फुगतो. तरीही डोळा आतून स्वच्छ असेल, नीट दिसत असेल आणि बुबूळ फिरवताना दुखत नसेल, तर गार पट्ट्यांनी बहुतेक वेळा भागते. दिसणे अंधुक झाले, डोळा फिरवताना दुखले किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जंतुसंसर्गाला दिवस लागतात. नखांनी खाजवून त्वचा फुटते, तेथून जंतू आत शिरतात, आणि दोन-तीन दिवसांनी, म्हणजे सूज उतरायला हवी त्या सुमारास, ती पुन्हा वाढू लागते. खाजेची जागा ठणका घेतो, पू किंवा मधासारखी पिवळी खपली दिसते, लाल रेघ वर चढताना दिसते, जांघेत किंवा काखेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येते, आणि थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी प्रतिजैविके खरोखरच लागतात आणि ती डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यावी लागतात. मधुमेह असलेल्यांनी, पायाला कायमची सूज असलेल्यांनी आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांनी इतके थांबू नये; त्यांनी ठणका सुरू होताच दाखवावे. ही तीन पातळ्यांची विभागणी नव्वद टक्के शहाणपण देते असे मानले, तरी उरलेले दहा टक्के डॉक्टरांच्या बोटांना कळते. शंका असेल तर तपासून घेतलेले बरे.

तापाविषयी एक वेगळी सूचना

पुण्यात डास आणि ताप हे दोन शब्द एकत्र आले की आधी डेंगीचा विचार करावा लागतो, आणि तो करायलाच हवा. सुजेबरोबर येणारा ताप चावल्यापासून तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि सूज समोर दिसत असते. डेंगीचा ताप चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो, तोवर चाव्याची खूण पुसलेली असते, आणि डोके, डोळ्यांच्या मागची बाजू, सांधे व अंग जबरदस्त दुखते. चिकुनगुन्यात सांधे त्याहून अधिक धरतात. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्णही आढळले होते. हा आजार इतरांना सौम्य जात असला तरी पोटातील बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने पावसाळ्यातला ताप किंवा पुरळ अंगावर काढू नये.

ताप नेमका कशाचा हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. सुजेसाठी आणि दुखण्यासाठी सर्रास घेतली जाणारी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिनची गोळी डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढवते, आणि ही चूक नेमकी सुजणाऱ्या माणसाकडून होते, कारण त्याला आपला ताप सुजेचाच वाटतो. डेंगीत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस अधिक जपण्याचे असतात. त्या काळात पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार ग्लानी जाणवली, तर रुग्णालयात जावे.

तिसरी पायरी: औषधे

मोठ्या स्थानिक सुजेवर पोटात घेण्याचे मुख्य औषध म्हणजे ॲलर्जीविरोधी गोळी. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीतील औषधे आहेत. प्रौढांसाठी सेट्रिझिनची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम आणि लेव्होसेट्रिझिनची ५ मिलिग्रॅम असते. मुलांची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती कमी करावी लागते, आणि गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. सेट्रिझिनने अनेकांना झोप येते. घरातल्या डब्यात असलेल्या 'एविल'सारख्या जुन्या पिढीच्या गोळीने तर हमखास येते. गोळी घेऊन सकाळी दुचाकीवरून कामावर निघायचे असेल, तर ती आदल्या रात्री घ्यावी किंवा कमी गुंगी आणणाऱ्या फेक्सोफेनाडिनविषयी डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना प्रत्येक चाव्याने सूज येते, त्यांच्यासाठी एक उपयोगी गोष्ट अशी की, ही गोळी चावल्यानंतर घेण्यापेक्षा आधी घेतलेली अधिक काम करते. फिनलंडमध्ये झालेल्या प्रयोगांत आधीपासून सेट्रिझिन घेणाऱ्यांची गांध आणि खाज दोन्ही कमी झाल्याचे दिसले होते. शनिवारी संध्याकाळी पाषाण तलावावर जायचे ठरले असेल किंवा गावी शेतावर मुक्काम असेल, तर त्या दिवशी गोळी आधी घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांशी एकदाच नीट बोलून ठरवून ठेवावे.

वरून लावण्यासाठी कॅलामाइन लोशन निरुपद्रवी आहे आणि खाजेला थोडा उतार देते. हायड्रोकॉर्टिसोनसारखे सौम्य स्टेरॉइड मलम दिवसातून दोनदा, पातळ थरात, चार-पाच दिवस लावल्यास सुजेला चांगला फरक पडतो. त्याहून तीव्र मलम लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मेडिकल दुकानात "खाजेचे मलम द्या" असे म्हटले की अनेकदा तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. ती खाज पटकन थांबवते, म्हणून लोक ती वर्षभर वापरतात, आणि त्याने त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लावल्यास पुळ्या येतात, व जांघेतला गजकर्ण दबून मग हट्टाने पसरतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र मलमांविरुद्ध अनेक वर्षे बोलत आहेत. ट्यूबवरची नावे वाचावीत, आणि 'क्लोबेटासॉल' असे दिसले तर ती विचारल्याशिवाय लावू नये.

घरगुती उपायांबाबत माझे मत मिश्र आहे. आमसुलाचे पाणी अंगावर उठलेल्या पित्तावर आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. अखंड त्वचेवर गार आमसुलाचे पाणी लावल्याने काही बिघडत नाही, आणि त्यातला गारवाच बहुधा काम करतो. पानाचा चुना मात्र लावू नये, कारण तो त्वचा भाजतो. लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्या जागी जळल्यासारखे फोड येऊन महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. टूथपेस्टने क्षणभर थंड वाटते आणि नंतर त्वचा चुरचुरते. नखाने चाव्यावर फुली मारण्याचा उपाय सगळ्यांनाच माहीत आहे. त्याने खाजेऐवजी दुखते, एवढाच त्याचा गुण, आणि त्वचा फुटली तर संसर्गाला वाट मिळते. नखे बारीक कापलेली ठेवणे, आणि लहान मुलाला रात्री सुती हातमोजे घालणे, हे त्याहून बरे.

चावणारा डासच आहे ना

वसतिगृहात किंवा कॉट बेसिसच्या खोलीत हा प्रश्न आधी सोडवावा. सकाळी उठल्यावर उघड्या अंगावर एका ओळीत तीन-चार गांधी दिसल्या आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके आढळले, तर ते ढेकूण आहेत. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेभोवती रात्री वाढणारी खाज असेल आणि खोलीतल्या इतरांनाही ती असेल, तर ती खरूज असू शकते. या दोन्हींवर डासांचे कोणतेही मलम चालत नाही.

चौथी पायरी: चावाच टाळणे

पुण्यात डासांचे दोन हंगाम आहेत आणि दोघांचे डास वेगळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मुळा-मुठेत सांडपाणी साचते आणि जलपर्णी माजते, तेव्हा घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास वाढतात. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर आणि खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांची वावटळ उठल्याची चलचित्रे देशभर पाहिली गेली. क्युलेक्स अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत जोर असतो तो पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिसचा. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. म्हणजे फक्त रात्रीची मच्छरदाणी वापरून पावसाळ्यात भागत नाही.

अंगाला लावायच्या औषधांत डीईईटी आणि पिकारिडिन ही विश्वासाची नावे आहेत. ओडोमॉसमध्ये डीईईटीच्याच वर्गातले डाएथिल बेंझामाइड असते. ज्याची त्वचा मुळातच हुळहुळी आहे त्याने नवीन मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस पाहावे. सनस्क्रीन लावायचे असल्यास ते आधी आणि डासांचे मलम नंतर लावावे, घाम आल्यावर पुन्हा लावावे, आणि फुटलेल्या त्वचेवर लावू नये. दोन महिन्यांखालील बाळाला यांतले काहीही लावू नये. त्याला मच्छरदाणीत ठेवावे. टेकडीवर किंवा बागेत जाताना फिक्या रंगाचे, सैल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कारण गडद रंग डासांना खुणावतो आणि घट्ट लेगिंगमधून त्यांची सोंड सहज आत जाते. लसूण खाणे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे आणि भिंतीत खोचायची ध्वनिलहरींची यंत्रे यांवर मी पैसे घालवले आहेत; वाचकांनी घालवू नयेत.

खोलीत मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो टेबल फॅनचा. डास उडण्यात दुबळा असतो आणि आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतो. पायांच्या दिशेने सोडलेला वारा त्याला उडूही देत नाही आणि तो मागही पांगवतो. खिडक्यांना जाळ्या बसवण्यास मालक नकार देत असेल, तर चिकटपट्टीवर बसणारी जाळी कमी खर्चात लागते आणि खोली सोडताना काढून नेता येते. मच्छरदाणी गादीखाली खोचावी. नुसती लोंबती सोडली तर आत शिरलेला एक डास रात्रभर तुमच्याबरोबरच राहतो. बंद खोलीत कॉइल जाळू नये. २००३ मधील एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडत असल्याचे मोजले गेले होते, आणि ज्याला डासाची ॲलर्जी आहे त्याला दमाही असण्याची शक्यता असते.

तज्ज्ञांकडे कधी जावे

सुजेचा प्रसंग एका हंगामात अनेकदा आला, चाव्याच्या जागी त्वचा काळी पडून व्रण राहू लागला, प्रत्येक वेळी तीव्र ताप आणि अवधाण येऊ लागले, किंवा ज्यांना आयुष्यभर डासांचे काही वाटले नाही अशा वयस्क माणसाला अचानक मोठ्या गांधी येऊ लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा ॲलर्जीतज्ज्ञ गाठावा. क्वचित अशा बदलामागे रक्ताचा विकार असतो आणि साध्या रक्ततपासणीतून पहिला सुगावा लागतो. डासाच्या ॲलर्जीसाठी त्वचेवरची चाचणी उपलब्ध असली तरी तिचे निष्कर्ष फारसे भरवशाचे नसतात, कारण ती बहुधा अख्ख्या डासाच्या अर्कावर आधारलेली असते. निदान मुख्यतः तुमच्या हकिकतीवरून होते. म्हणून फोटो, वेळा, घेतलेल्या औषधांची नावे आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन जावे. चाचणी ठरलीच, तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. किती दिवस, ते वेळ घेतानाच विचारावे.

पाण्याची पिंपे आणि सोसायटी

एडिस सहसा दूर उडत नाही. काहीशे मीटरच्या परिघातच फिरतो. याचा अर्थ तुम्हाला दिवसा चावणारा डास बहुधा तुमच्याच इमारतीत जन्मलेला असतो. पुण्यात देखभालीसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असते, म्हणून प्रत्येक घरात बादल्या, टोप आणि पिंपे भरलेली असतात, आणि पाणी सुरळीत आल्यावर ती तशीच उघडी राहतात. अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी केली, तर साखळी तुटते. नुसते पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडेपणात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आतून काथ्याने घासावे लागते. फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या, मनी प्लांटची बाटली आणि गच्चीवर टाकून दिलेले टायर याच क्रमाने तपासावेत. उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. सोसायटीच्या सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधलेली आहे का, हे सचिवांना विचारावे. क्युलेक्स तेथूनही बाहेर पडतात. शेजारच्या बांधकामावर किंवा तळघरात पाणी साचले असेल आणि सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर पुणे महापालिकेच्या पीएमसी केअरवर आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सारथीवर फोटोसह तक्रार नोंदवावी; डासांची पैदास सापडलेल्या जागेच्या मालकाला नोटीस आणि दंड होऊ शकतो.

दिवाळीत गावी जाताना खोली दहा-बारा दिवस बंद राहते, आणि एडिसला तेवढे दिवस पुरतात. निघण्यापूर्वी बादल्या पालथ्या घालाव्यात, कमोडचे झाकण लावावे, न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीवर फडके दाबून ठेवावे आणि कुंड्यांच्या थाळ्या काढून घ्याव्यात. परत आल्यावर आधी खिडक्या उघडाव्यात आणि पंखा सुरू करावा, कमोडला दोनदा पाणी सोडावे, पलंगाखाली आणि पडद्यांमागे डासांची बॅट फिरवावी, आणि मगच बॅग उघडायला बसावे.